जादा वेळ दिला, तरी अडलंच: रसायनशास्त्राच्या एका ऑटिस्टिक विद्यार्थिनीचं प्रकरण

हे प्रकरण पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. मजकूर पक्का होण्याआधी तिने तो वाचला आणि सुचवलेल्या दुरुस्त्या यात आल्या आहेत. मी विद्यार्थी साहाय्य कक्षाची समन्वयक म्हणून यात होते. निर्णय मात्र बऱ्याच जणांनी मिळून घेतले: विभागप्रमुख, तिचे मार्गदर्शक शिक्षक, प्रयोगशाळा सहायक, समुपदेशक आणि दुसऱ्या बैठकीपासून ती स्वतः. पहिल्या बैठकीला तिला बोलावलंच गेलं नव्हतं. त्या बैठकीत काय झालं ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

पहिल्या वर्षी ती कुणाच्या नजरेत आली नाही. लेखी परीक्षेत वरच्या काही जणांत, वर्गात मात्र भिंतीकडच्या शेवटच्या बाकावर. तासाला कधी हात वर करायची नाही, पण तास संपल्यावर शिक्षकांना ईमेल पाठवायची. त्यातले प्रश्न इतके नेमके असत की एका सरांनी त्यातले काही पुढच्या तुकडीच्या प्रश्नसंचात घेतले. वर्ष संपता संपता, एकोणिसाव्या वर्षी, तिला ऑटिझमचं (संवाद आणि संवेदनांची जन्मजात वेगळी घडण) निदान झालं आणि काही महिन्यांनी एडीएचडीचंही (लक्ष टिकवणं, काम सुरू करणं अवघड जाण्याची स्थिती).

एकाच व्यक्तीला ही दोन्ही निदानं मिळणं तसं अलीकडचं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती 2013 मध्ये आली. तोवर ऑटिझमचं निदान असेल तर त्याच्या जोडीने एडीएचडीचं निदान करण्याची त्या पुस्तिकेत मुभाच नव्हती. आवाज, उजेड, वास, स्पर्श यांचा त्रास अतितीव्र होणं किंवा अगदीच कमी जाणवणं, हेही निकषांत त्याच आवृत्तीत आलं. आज शिकवणाऱ्या अनेकांच्या मनात ऑटिझमचं जे चित्र आहे ते त्याआधीचं आहे. चांगले गुण मिळवणारी, नम्रपणे बोलणारी मुलगी त्या चित्रात बसत नाही. मुलींचं निदान बऱ्याचदा उशिरा होतं, त्याचं एक मोठं कारण असं की त्या लहानपणापासून इतरांचं बघून वागणं उचलतात, कुठे हसायचं, किती वेळ डोळ्यांत बघायचं हे पाठ करतात आणि स्वतःचा त्रास झाकून ठेवतात. हे झाकणं रोजचं काम असतं, आणि त्यात जाणारी शक्ती बाहेरून दिसत नाही.

निदानाचं प्रमाणपत्र कक्षात जमा झालं तेव्हा ठरलेल्या यादीतून दोन गोष्टी मंजूर झाल्या: लेखी परीक्षेला जादा वेळ आणि बसायला स्वतंत्र खोली. प्रमाणपत्र आलं की हेच मिळतं, कुणालाही. लेखी परीक्षेत तिला अडचण नव्हतीच, हे त्या वेळी कुणी तपासलं नाही.

अडचण

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकांचे तास वाढले, प्रत्येक प्रयोगामागे तोंडी परीक्षा आली आणि चौघांचा एक गटप्रकल्प सुरू झाला. सत्र अर्ध्यावर येईपर्यंत तिची उपस्थिती घसरली होती, जर्नल अपुरं होतं आणि तोंडी परीक्षेचे गुण काठावर होते. लेखी चाचण्यांत मात्र ती पहिल्यासारखीच वर होती.

ही तफावत समजायला एक तोंडी परीक्षा पुरेशी आहे. प्रयोग होता ॲसिटिक आम्लाचं सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन, म्हणजे एक द्रावण थेंबथेंब घालून दुसऱ्याची तीव्रता काढणं. परीक्षक म्हणाले, "हं, सांगा या प्रयोगाबद्दल." ती गप्प राहिली. परीक्षकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग "बरं, काहीही सांगा" म्हणाले. ती अजूनच गप्प. शेरा पडला: तयारी नाही. त्याच रात्री तिने परीक्षकांना ईमेल केला. त्यात पाच परिच्छेद होते: प्रयोगाचा उद्देश, तत्त्व, कृती, निरीक्षणं आणि चुकांची संभाव्य कारणं. मिथिल ऑरेंज हा सूचक (आम्लता बदलली की रंग बदलणारा पदार्थ) इथे का चालत नाही हेही त्यात होतं: दुर्बल आम्ल आणि प्रबल अल्कली यांचा समतुल्य बिंदू (दोन्ही एकमेकांना नेमके पुरे पडतात तो टप्पा) अल्कधर्मी बाजूला येतो, मिथिल ऑरेंज मात्र 3.1 ते 4.4 या पीएचमध्येच रंग बदलून मोकळं होतं. फेनॉल्फ्थॅलीन साधारण 8.2 ते 10 च्या दरम्यान बदलतं, म्हणून ते घ्यायचं. सगळं बरोबर. शेवटी एकच ओळ: "तुम्हाला यातलं कोणतं हवं होतं ते मला कळलं नाही."

तो ईमेल परीक्षकांनी वाचला, पण गुण देऊन झाले होते.

ऑटिस्टिक माणसांना मोघम प्रश्नाचा त्रास होतो असं आपण सहज म्हणतो. नेमका कसा होतो, ते या ईमेलमध्ये दिसतं. "काहीही सांगा" हे ऐकून बहुतेक विद्यार्थी अंदाजाने एक टोक पकडतात आणि परीक्षकाच्या चेहऱ्याकडे बघत पुढे जातात. तिच्यापुढे पाचही वाटा सारख्याच उघड्या होत्या, आणि चुकीची वाट धरण्याची भीती वेगळीच.

दुसरा प्रसंग सकाळचा. आठच्या प्रात्यक्षिकाची खोली आणि प्रयोग दोन्ही बदलल्याचा निरोप पावणेआठला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. तिने आदल्या रात्री जुन्या प्रयोगाची पायरीन् पायरी तयार केली होती. प्रयोगशाळा सहायकांना ती दारापाशी उभी दिसली. काय झालं विचारलं तर उत्तर नाही, मान हलवणंही नाही. त्यांनी नोंद केली: सूचना देऊनही आत आली नाही. अशा वेळी ताण मर्यादेपलीकडे गेला की काही ऑटिस्टिक व्यक्तींचं बोलणंच काही काळ बंद पडतं. हा हट्ट किंवा उद्धटपणा नसतो. त्यानंतर ती दोन आठवडे आली नाही.

तिसरी बाब खोलीची. फ्यूम हूडचा (घातक वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाचा) पंखा प्रात्यक्षिक संपेपर्यंत घोंगावत असायचा आणि तिचं टेबल बरोबर त्याच्या शेजारी होतं. ट्यूबलाइट जुन्या चोकच्या होत्या. अशा नळ्या विजेच्या वारंवारितेच्या दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला 100 किंवा 120 वेळा, लुकलुकतात आणि चोकचा गुणगुणाटही होतो. बहुतेकांच्या ते लक्षात येत नाही. तिला दिवसाच्या शेवटी डोकं उचलवत नव्हतं.

पहिल्या बैठकीत हे सगळं एका वाक्यात मिटलं: मुलगी हुशार आहे पण लाजरी आहे, तिला आत्मविश्वासाची गरज आहे. समुपदेशकांनी तिथे वेगळी शंका काढली. ऑटिस्टिक प्रौढांच्या थकव्यावर डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांचं संशोधन 2020 मध्ये आलं आहे. त्यात प्रौढांनी वर्णन केलेला थकवा दीर्घ असतो, आधी जमणाऱ्या गोष्टी जमेनाशा होतात आणि आवाज-उजेडाची सहनशक्ती आणखी घटते. आपल्याकडच्या नोंदी त्याच्याशी जुळतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या बैठकीला तिला बोलवायचं ठरलं. बोलणं जड जाईल म्हणून तिने लेखी दिलं तरी चालेल असंही कळवलं. तिने सव्वा पानाचं टिपण पाठवलं, आणि वरचे तिन्ही मुद्दे आम्हाला त्या टिपणातून कळले.

पर्याय

सगळ्यात आधी पुढे आलेला पर्याय सत्रभर रजेचा. तिला विश्रांतीची गरज होती हे खरं, पण रजेवरून परतल्यावर तीच खोली, तोच पंखा आणि तेच "सांगा या प्रयोगाबद्दल" समोर येणार होतं. तिनेही रजा नको असं कळवलं. घरी ठरलेला दिनक्रम नसल्याने सुट्टीत तिला उलट जास्त त्रास होतो, हे कारण तिने दिलं होतं.

दुसरा पर्याय तोंडी परीक्षा आणि गटप्रकल्पातून पूर्ण सूट देण्याचा. यामागचा हेतू चांगला होता. पण सूट मिळाली की शिकायची संधीही जाते, आणि पुढे कुणी गुणपत्रिकेतली ती रिकामी जागा दाखवून प्रश्न विचारला की उत्तर तिलाच द्यावं लागतं.

सामाजिक कौशल्यांचे वर्ग लावावेत, असंही एकांनी सुचवलं. त्याला मी ठाम विरोध केला आणि आजही करीन. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधली संवादाची अडचण दोन्हीकडून असते. एका बाजूला दोष चिकटवून ती सुटत नाही. एडिनबराच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माहिती एकाकडून दुसऱ्याकडे साखळीने सांगायची होती. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांनी ती इतरांच्या साखळ्यांइतकीच चांगली पोचवली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळ्यांत. परीक्षकाने मोघम विचारायचं आणि ते ओळखण्याचं प्रशिक्षण फक्त विद्यार्थिनीने घ्यायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

राहिला चौथा पर्याय: शिकवण्यात आणि तपासण्यात जे बदल सगळ्या वर्गासाठी करता येतील ते सगळ्यांसाठी करायचे, आणि उरेल तेवढंच तिच्यापुरतं ठेवायचं. स्थापत्यात रॉन मेस यांनी रूढ केलेल्या सार्वत्रिक रचनेच्या (वास्तू मुळातच सगळ्यांना वापरता येईल अशी आखण्याच्या) कल्पनेतून शिक्षणात अशी एक चौकट तयार झाली आहे. 1984 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या कास्ट या संस्थेने ती घडवली. माहिती एकाहून अधिक मार्गांनी द्या, आणि जे कळलं ते दाखवायलाही एकाहून अधिक मार्ग ठेवा, हा तिचा गाभा. याने सगळं भागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराने उच्च शिक्षणातही वाजवी सोयी देण्याचं बंधन घातलं आहे, आणि त्यातली व्याख्या त्या त्या व्यक्तीला लागणाऱ्या बदलाबद्दल बोलते. म्हणून दोन्ही लागतात.

आपण नेमकं काय तपासतो आहोत?

विभागप्रमुखांची काळजी दर्जाची होती, आणि ती उडवून लावण्यासारखी नव्हती. त्यांचा प्रश्न होता: प्रयोगशाळेत आम्ल सांडलं तर ताबडतोब बोलावं लागतं, तिथे विचार करायला दोन मिनिटं कोण देणार?

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो गेला हे बरं झालं. अभ्यासक्रमाचा कागद समोर ठेवला. तोंडी परीक्षेची उद्दिष्टं तीन होती: कृतीमागचं तत्त्व सांगता येणं, निरीक्षणांचा अर्थ लावता येणं, चुकांची कारणं ओळखता येणं. मग गुणदानाचा तक्ता काढला. त्यात एक रकाना होता, "सादरीकरण व आत्मविश्वास", एकूण गुणांच्या चौथ्या भागाचा. उद्दिष्टांत हा शब्द कुठेच नाही. तो रकाना कधी, कुणी घातला हे कुणालाच सांगता आलं नाही. वर्षानुवर्षं त्यात डोळ्यांत डोळे घालून, भराभर बोलणाऱ्यांना गुण मिळत होते.

सुरक्षेचा मुद्दा वेगळा काढला. सांडलवंड, गळती, आग या वेळी काय करायचं आणि काय ओरडायचं, हे स्वतंत्रपणे तपासायचं ठरलं, तेही सगळ्यांचं. याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. सहायकांनी सांगितलं की सुरक्षेच्या सरावात ती पहिल्यापासून सगळ्यांत चोख आहे. गॅसची कळ बंद करून "थांबा, गळती" म्हणणारी पहिली तीच. मोघम प्रश्नापुढे बोलणं अडणं आणि संकटात बोलता न येणं या दोन गोष्टी एक धरल्या गेल्या होत्या. ताणाखाली वाचा जाते तेव्हासाठी प्रत्येक टेबलाजवळ लाल पाटी टांगली. ती वर केली की सहायकांनी यायचं. ती आता सगळेच वापरतात.

प्रत्यक्ष काय केलं

तोंडी परीक्षेचे प्रश्न कार्डांवर आले. एका कार्डावर एक प्रश्न, मोठ्या अक्षरांत. "प्रयोगाबद्दल सांगा" गेलं. त्याजागी: "तुमचं पहिलं वाचन बाकीच्यांपेक्षा जास्त आहे. याची दोन संभाव्य कारणं सांगा." किंवा: "इथे मिथिल ऑरेंज वापरलं असतं तर अंतिम बिंदू आधी आला असता की नंतर? का?" कच्चं टिपण करायला कागद सगळ्यांना, विचार करायला जादा वेळ तिला. परीक्षकासमोर बसायचं की टेबलाच्या कडेला, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आत्मविश्वासाचा रकाना गेला आणि ते गुण निरीक्षणांचा अर्थ लावण्याकडे वळवले. कार्डं तयार करणं हे शिक्षकांचं वाढीव काम होतं हे मान्य केलं पाहिजे. चांगला नेमका प्रश्न लिहायला वेळ लागतो. एका शिक्षकांनी सगळ्या प्रयोगांची कार्डं एकट्याने लिहून विभागाला दिली. तो भार खरं तर वाटून घ्यायला हवा होता.

प्रयोगाच्या सूचनापत्रकांत "थोडं विरल करा", "योग्य प्रमाणात सूचक घाला" अशी वाक्यं होती. ती बदलून "फेनॉल्फ्थॅलीनचे 2 थेंब घाला", "फिका गुलाबी रंग 30 सेकंद टिकला की थांबा" असं लिहिलं. पत्रक दोन दिवस आधी मिळायला लागलं. हा बदल दिसायला सगळ्यांत छोटा, पण सहायकांच्या मते वर्गाला सर्वाधिक उपयोगी पडला तो हाच. थोडं म्हणजे किती, हे विचारायला येणाऱ्यांची रांग थांबली.

वेळापत्रकातले बदल एकाच ठिकाणी, आदल्या संध्याकाळपर्यंत, असं ठरलं. ऐन वेळी बदल करावाच लागला तर निरोपात तीन गोष्टी हव्यात: काय बदललं, का बदललं, आता कुठे जायचं.

तिचं टेबल पंख्यापासून लांब, भिंतीजवळ हलवलं. कानांसाठी तिला आवाज पूर्ण बंद करणारे हेडफोन हवे होते; प्रयोगशाळेत धोक्याची घंटा ऐकू येणं आवश्यक असल्याने ते शक्य नव्हतं. मग आवाज कमी करणारे पण बंद न करणारे प्लग आणले. सहायकांनी खोली रिकामी असताना घंटा वाजवली, तिने प्लग लावून टेबलापासून, बेसिनपासून आणि साठवणीच्या खोलीतून ती ऐकू येते का पाहिलं. साठवणीच्या खोलीत येत नव्हती. तिथे जाताना प्लग काढायचे असं ठरलं. हा निर्णय अर्ध्या तासात झाला. मला तो या साऱ्या प्रकरणातला सर्वांत आदर्श निर्णय वाटतो, कारण धोका आणि गरज दोन्ही खऱ्या धरून, तिच्यासोबत, त्या खोलीत उभं राहून तो घेतला गेला.

सबमिशनची मुदत मात्र दुसऱ्या प्रयत्नात नीट बसली. सुरुवातीला समितीने प्रेमाने सांगितलं, "जमेल तेव्हा दे." त्याने ती पार अडकली. एडीएचडीमध्ये लांबची, सैल मुदत बऱ्याचदा नसल्यातच जमा असते. काम सुरू करणं हाच सर्वांत अवघड भाग. तीन आठवड्यांनी जर्नल जिथल्या तिथे होतं आणि अपराधीपणा वाढला होता. मग जर्नल चार तुकड्यांत मोडलं, प्रत्येकाला पक्की तारीख दिली आणि आधल्या दिवशी सहायकांच्या खोलीत बसून ते पूर्ण करायचं ठरलं. सहायक आपलं काम करत, ती तिचं. बोलणं शून्य. जर्नल पूर्ण झालं.

कुणाला किती सांगायचं

मार्गदर्शक शिक्षकांना वाटत होतं की वर्गाला तिच्या ऑटिझमबद्दल सांगितलं तर सगळे समजून घेतील. तिने नकार दिला, आणि तो प्रश्न तिथेच संपायला हवा होता. एका तासाला दुसऱ्याच एका शिक्षकांनी कार्डांबद्दल बोलताना "आपल्याकडे एक स्पेशल केस आहे म्हणून" असं म्हटलं. वर्गाला कळायला वेळ लागला नाही. तिने पुढचे दोन दिवस तास चुकवले. विभागप्रमुखांनी त्या शिक्षकांशी बोलून माफी मागायला लावली, पण फुटलेली गोष्ट परत झाकता येत नाही.

त्यानंतर एक पानी गरजपत्रक तयार झालं. ते तिने लिहिलं, मी फक्त क्रम लावायला मदत केली. निदानाचा उल्लेख नाही. त्यात अशा ओळी होत्या: "मी खाली बघत असले तरी ऐकत असते." "मी गप्प झाले तर प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारू नका, त्याने माझ्यासमोर दोन प्रश्न होतात. तोच लिहून द्या." "मी बोलू शकत नसेन तर मला एकटीला बसू द्या, वीस मिनिटांनी या." हे पत्रक तिच्या परवानगीने कक्षाकडून सर्व शिक्षकांना गेलं, म्हणजे तीच गोष्ट प्रत्येकाच्या दारात उभं राहून सांगावी लागली नाही.

गटप्रकल्प

गटातल्या तिघांची तक्रार होती की ती बैठकांना येत नाही आणि ग्रुपवर उत्तर देत नाही. तिची तक्रार होती की बैठक कधी सुरू झाली, कधी संपली आणि काय ठरलं हे तिला कळतच नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. विषयांतर, थट्टा, मध्येच ठरलेलं काम, हे सगळं इतरांना एका प्रवाहात ऐकू येतं; तिला त्यातून काम वेगळं काढावं लागायचं.

गट बदलायचा का, यावर विचार झाला. तिनेच नको म्हटलं, नवीन माणसं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मग गटाच्या बैठकीला नियम आले: विषय आधी लिहून, बैठक 40 मिनिटांची, शेवटी कोण काय कधीपर्यंत करणार याचा तक्ता. सुरुवातीला हे तिघांना शाळकरी वाटलं. प्रकल्पाच्या अखेरीस तक्ता भरायचा आग्रह त्यांच्यातलाच एक धरत होता. तिने विदेचं, म्हणजे नोंदवलेल्या आकड्यांचं, विश्लेषण आणि आलेख घेतले. एका मालिकेतली सगळी वाचनं एकाच दिशेने सरकलेली आहेत हे तिच्याच लक्षात आलं आणि ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची काचेची नळी) बदलून ती मालिका पुन्हा घेतली गेली. सादरीकरणात तिचा भाग तिने लिहून वाचला. पाठांतर न करता वाचण्याची मुभा चौघांनाही होती.

निष्पत्ती

तोंडी परीक्षेचे तिचे गुण लेखीच्या जवळ आले. उपस्थिती सुधारली, तरी पूर्ण भरली नाही. एक विषय तिने स्वतःहून पुढच्या सत्रात ढकलला. त्याला अपयश म्हणायला मी तयार नाही. कमी विषय घेऊन शिकण्याचा मार्ग असेल तर तो वापरणं हा शहाणपणा आहे. थकवा पूर्ण गेला नाही. गटातल्या कुणाशी मैत्री झाली नाही, आणि तिला त्याची खंत असल्याचं तिने कधी सांगितलं नाही.

कार्डांचा उपयोग आणखी काही जणांना झाला. डिस्लेक्सिया (वाचन अवघड जाण्याची स्थिती) असलेल्या एका विद्यार्थ्याला मोठ्या अक्षरांतला एकच प्रश्न सोपा गेला, शिक्षणाची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असलेल्यांना विचार करायला उसंत मिळाली. एका शिक्षकांनी मात्र पुढच्या सत्रात कार्डं बंद केली. वेळ जातो हे त्यांचं कारण. ट्यूबलाइट बदलायला खरेदीच्या प्रक्रियेत इतके महिने गेले की नवे एलईडी लागले तेव्हा तिची त्या खोलीतली प्रात्यक्षिकं संपली होती.

वेगळं काय करता आलं असतं

प्रमाणपत्र जमा झालं त्याच दिवशी तिच्याशी अर्धा तास बोलणं झालं असतं तर पहिली अडचण सत्राच्या आधीच कळली असती. तयार यादी बाजूला ठेवून "कुठे अडतं?" एवढं विचारायला हवं होतं, आणि उत्तर लिहून द्यायची मुभा त्याच वेळी द्यायला हवी होती. पहिली बैठक तिच्याशिवाय घेणं ही प्रक्रियेतली सर्वांत मोठी चूक होती.

निदानाची अट हाही प्रश्न आहे. प्रौढांना निदान मिळायला बराच काळ आणि पैसा लागतो, आणि तोवर सत्रं उलटतात. स्पष्ट पत्रक, नेमका प्रश्न, वेळेत कळवलेला बदल यांसाठी कुणाकडून कागद मागण्याचं कारण नाही. जादा वेळ किंवा स्वतंत्र खोली यासाठी लागला तर समजू शकतं.

शिक्षकांसाठी प्रशिक्षण झालं ते सत्राच्या शेवटी आणि ते एका तज्ज्ञांनी दिलं. ऑटिस्टिक पदवीधरांनी, मानधन घेऊन, ते द्यायला हवं होतं. "स्पेशल केस" हे वाक्य बहुधा टळलं असतं. गोपनीयतेचा नियम लेखी असता तरीही टळलं असतं.

उपस्थितीच्या नियमाला हातच लागला नाही. थकव्याच्या दिवसांसाठी रेकॉर्ड केलेली व्याख्यानं आणि पर्यायी प्रात्यक्षिक-दिवस ठेवता आला असता. विभागाने चर्चा पुढच्या वर्षावर टाकली.

शेवटचा मुद्दा हस्तांतराचा. दुसऱ्या वर्षी जमलेली घडी तिसऱ्या वर्षाच्या शिक्षकांपर्यंत आपोआप पोचली नाही. सत्राच्या पहिल्या आठवड्यात तिला पुन्हा "सांगा या प्रयोगाबद्दल" ऐकावं लागलं. आता गरजपत्रक दर सत्राच्या आरंभी, तिची संमती विचारून, कक्षाकडूनच जातं. तिसऱ्या वर्षात बाहेरच्या प्रयोगशाळेत प्रशिक्षण आहे. तिथे ते कुणी पाठवायचं, पाठवायचं की नाही आणि त्यातल्या कोणत्या ओळी ठेवायच्या, हे ती ठरवते आहे. तिने पहिला मसुदा दिला आहे आणि साठवणीच्या खोलीत घंटा ऐकू येते का, हा प्रश्न त्यात सर्वांत वर आहे.